सकाळी लिहिणे, दुपारी वाचणे

आमच्या तहसील कचेरीच्या आवारात पूर्वेकडच्या भिंतीला लागून एक पत्र्याची शेड आहे. तिच्यातील पहिले टेबल माझे. मालकी म्हणाल तर माझी नाही, सरकारी जागेवर ती कोणाचीच नसते. परंतु वहिवाट माझी आहे, आणि वहिवाट म्हणजे काय हे मला कोणी शिकवावे अशी परिस्थिती नाही. माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. त्यापुढचे मी या टेबलावर घेतले. तालुक्यातील निम्मी प्रकरणे माझ्या हस्ताक्षरात सुरू होतात असे मी म्हणत असे, आणि कचेरीतील कारकुनांनी ते कधी खोडून काढलेले नाही. अर्जाचा कागद लांबून पाहूनच ते ओळखत असत की हा कोणाच्या हातचा आहे.

माझी लिहिण्याची एक रीत आहे. ती आधी सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. अर्जदार समोर येऊन बसला की मी पेनाला टोपण लावतो आणि पेन कागदावर आडवे ठेवतो. त्याचे सांगणे संपेपर्यंत टोपण निघत नाही. मग मी लिहायला घेतो ते कच्चा खर्डा न करता, एका बैठकीत, शेवटच्या 'सबब विनंती'पर्यंत. नंतर संपूर्ण मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. अर्जदाराने 'बरोबर आहे' म्हटले की खाली लिहायचे, 'वाचून दाखविला, ऐकला, मान्य आहे', आणि मग सही किंवा अंगठा. माझ्या कागदावर खाडाखोड नसे. शेजारच्या टेबलावर जो मुद्रांक विक्रेता बसतो, तो वयाने माझ्याहून लहान असून त्याच्याकडे संगणक आहे, छपाईचे यंत्र आहे. त्याच्याकडे खोडण्याची सोय आहे. माझ्याकडे ती नव्हती आणि तिची गरजही नव्हती.

ही रीत एका शेतरस्त्याच्या अर्जात मोडली. शेजाऱ्याने बांधावर चर खणून वाट अडवली होती आणि तोडीला आलेला ऊस आत अडकला होता. असे अर्ज मी झोपेतही लिहिले असते. 'सदर रस्ता बंद केल्यामुळे अर्जदारास आपला ऊस बाहेर काढणे' इथपर्यंत आलो आणि पेन थांबले. पुढचा शब्द मला माहीत होता. तो कुठे आहे हेही माहीत होते. तो येत नव्हता. शेतकरी कागदाकडे पाहत होता, मी कागदाकडे पाहत होतो. शेवटी तो शब्द आला, आणि तो नुसता 'अशक्य' एवढाच होता. विसरलो असतो तर निराळे. विसरलो नव्हतो. उशीर झाला होता.

त्यानंतर असे उशीर वाढत गेले. ते फार दिवस कोणाच्या लक्षात आले नाहीत, याला एक कारण घडले. जिल्ह्याचे नाव नुकतेच बदलले होते. अर्जाच्या माथ्यावर सगळेच जण सवयीने जुने नाव लिहीत, मग जीभ चावून खोडत आणि नवे लिहीत. कारकून, वकील, तलाठी, सगळे. त्या गर्दीत माझे थांबणे, खोडणे, पुन्हा पहिल्यापासून लिहिणे खपून गेले. लोक म्हणत, आमचंबी तसंच होतंय, हाताला सवय ना. मी मान हलवीत असे.

येथे एक गोष्ट नमूद करतो. मला एचआयव्ही आहे, माझ्या पत्नीलाही आहे. तो कसा आला हे या लिखाणात येणार नाही. त्याची सुनावणी आमच्या घरात फार पूर्वी झाली, निकाल लागला, आणि आम्ही दोघेही त्याच घरात राहिलो. सरकारी केंद्रातून औषध मिळते, रोज एक गोळी असते, ती आम्ही रात्रीच्या जेवणानंतर एकाच तांब्यातल्या पाण्याने घेतो. रक्तातला विषाणू इतका दबलेला आहे की तपासणीत तो दिसत नाही. कचेरीत हे कोणाला ठाऊक नाही. गोळी घेताना कोणी पाहिलेच तर शुगर आहे असे सांगायचे ठरलेले आहे. मुद्रांक विक्रेता त्यावर म्हणतो, "दोन साखर कारखान्यांच्या मधे बसल्यावर शुगर व्हायचीच, भाऊसाहेब." हा विनोद तो वर्षातून दोनचारदा करतो.

माझ्या मंदपणाची पहिली फिर्याद पत्नीने केली. मुलीचे बाळंतपण आमच्याकडे झाले होते. नातू माझ्या मांडीवर ठेवला. मी त्याच्याकडे पाहिले. हे बाळ आहे, हे माझे नातलग आहे, आता याला धरून बसायचे आहे, एवढे मला कळत होते. त्यापलीकडे आत काही हलले नाही. पत्नी सायंकाळी चुलीपाशी मुलीला म्हणाली, आणि मला ऐकू जावे एवढ्या आवाजात म्हणाली, "नातू मांडीवर ठिवला आन् हे भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत्यात. लई दिसापासनं बघतीया मी. मानूस घरात हाय, पर घरात न्हाई."

मला राग आला नाही. राग यायला हवा होता, एवढे जाणवले.

तिने केंद्रातल्या डॉक्टरांना माझ्यासमोरच सगळे सांगितले. अंघोळीला गेले की पाणी गार होईस्तोवर उभे राहतात, बाजारातून दोन जिनसा सांगितल्या तर एक आणतात, बोलायला लागले की मधेच गाडी उभी करतात. तिची गोळी तीच, आजार तोच, वर्षे तीच. पण तिचे डोके सुरीसारखे चालते. हे माझ्यासारख्या माणसाला पचायला अवघड आहे, ही गोष्ट मी लपवीत नाही. डॉक्टरांनी रक्ताच्या बऱ्याच तपासण्या केल्या, डोक्याचा फोटो काढायला लावला, थायरॉईड पाहिले, जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली. काही फरक पडला नाही. मग त्यांनी जिल्ह्याच्या ठिकाणी एका मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली.

परतीच्या एसटीत मी पत्नीला सांगितले की वेड्यांच्या डॉक्टरकडे मी जाणार नाही. तालुक्यात माझी काही प्रतिष्ठा आहे.

ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "प्रतिष्ठा टेबलावर हाय नव्हं? टेबल ऱ्हायलं तर प्रतिष्ठा ऱ्हाईल. गुमान चला."

आणि खरी गोष्ट तीच होती. टेबल गेले तर मी म्हणजे नववी शिकलेला, एका आजाराचा, पन्नाशी ओलांडलेला एक इसम. या वर्णनाच्या माणसासाठी मी कितीतरी अर्ज लिहिले आहेत. अर्जदाराच्या बाजूला मी स्वतः कधी बसलो नव्हतो.

मानसोपचाराच्या डॉक्टर बाई होत्या आणि माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी माझ्याकडून शाळेतल्यासारखी कामे करून घेतली. बोटे टेबलावर भरभर आपटायला लावली. कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरे आळीपाळीने रेघेने जोडायला सांगितली आणि मोबाईलवर वेळ लावली. मी ते केले. बाई म्हणाल्या, "चूक एकही नाही. वेळ मात्र फार लागला."

चूक एकही नाही, हे लिहून घ्या, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी खरोखरच लिहून घेतले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो.

मग त्यांनी समजावून सांगितले. विषाणू रक्तात दबलेला असला तरी काही रुग्णांच्या मेंदूचे काम असे संथ होते. विचार, हालचाल, मनाला काही वाटणे, सगळेच मागे राहते. रात्रीचे औषध सोडायचे नाही, तो पाया आहे. त्याच्या जोडीला एक उत्तेजक औषध देऊन पाहता येईल, मिथाइलफेनिडेट. ते बहुधा ज्या मुलांचे लक्ष एका जागी ठरत नाही त्यांना देतात. माझ्यासारख्यांना ते क्वचित दिले जाते, काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आणि त्याच्याविषयी छातीठोकपणे सांगावे एवढी माहिती कोणाकडे नाही. त्याने आजार बरा होत नाही. रक्तदाब वाढू शकतो, भूक मरते, झोप उडते. म्हणून आधी हृदयाची तपासणी करायची आणि अगदी थोड्यापासून सुरुवात करायची, सकाळी अर्धी गोळी, दुपारी अर्धी. एका गोळीचा जोर काही तास टिकतो आणि मग उतरतो.

मी विचारले की मी पुन्हा एका बैठकीत अर्ज लिहू शकेन की नाही.

बाई म्हणाल्या, "ते तुम्हीच मला सांगायचं. बघू आपण."

ही गोळी कोणत्याही दुकानात मिळत नाही. तिच्यासाठी वेगळी चिठ्ठी लागते, दुकानदार ती चिठ्ठी ठेवून घेतो आणि तुमच्याकडे दोनदा पाहतो. मी त्याच्याकडे एकदाच पाहिले.

पहिल्या सकाळी अर्धी गोळी घेऊन मी टेबलावर जाऊन बसलो. आमच्याकडे पाटाला आवर्तन सुटते तेव्हा पाणी एकदम दिसत नाही. आधी कोरड्या पाटाच्या तळाचा पाचोळा हलतो. तसे काहीतरी झाले. समोर उत्पन्नाच्या दाखल्याच्या साध्या अर्जासाठी एक बाप बसला होता, आणि मला त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या दिसल्या, कचेरीच्या पायरीवर कोणीतरी मोबाईलवर भांडत होते ते ऐकू आले. लिहायला घेतले आणि हात चालला. शब्द पेनाच्या पुढे उभे होते. 'सबब विनंती' लिहून मी मान वर केली तेव्हा मुद्रांक विक्रेता माझ्याकडे पाहत होता.

आनंद झाला असे लिहिता येत नाही. काम झाले, एवढे लिहिता येते. आनंद कुठे असायचा ती जागा मला माहीत होती, तिथे जाऊन पाहिले, तिथे काही नव्हते. दुपारी गोळी उतरली की पाट पुन्हा कोरडा पडे, मग दुसरी अर्धी.

काही आठवडे असे गेले. पुढे बाईंनी मात्रा थोडी वाढवली, सकाळी अर्धीऐवजी एक पूर्ण गोळी केली. माझ्याकडे गर्दी होऊ लागली, कारण आता मी मुद्रांक विक्रेत्याच्या यंत्राहून लवकर कागद देत होतो. तो म्हणाला, "भाऊसाहेब, शुगरची गोळी मलाबी सांगा की. माझ्या प्रिंटरला देतो." पत्नीला मात्र हे लक्षण बरे वाटले नाही. मी जेवत नव्हतो, रात्री आढ्याकडे पाहत पडत होतो, आणि कोणी वाक्य सुरू केले की ते मी पुरे करीत होतो. ती म्हणाली, "आदी बोलत नव्हता, आता आमालाच बोलू दीत न्हाई. मधलं काय मिळत न्हाई का त्या डाक्टरनीकडं?" तिचे पुढचे वाक्यही मी मधेच पुरे केले, आणि ती ताट उचलून आत गेली.

माझ्या रीतीतले एक कलम या काळात गळाले, ते माझ्या ध्यानात आले नव्हते. मी पेनाला टोपण लावणे सोडून दिले होते. अर्जदार बोलत असतानाच लिहू लागलो होतो. पहिल्या चार शब्दांवरून प्रकरण कळत असे, उरलेले कशाला ऐकायचे, असे मला वाटे. आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघे, कारण लोकांची प्रकरणे एकसारखी असतात.

अशात एके दिवशी सकाळी अकराच्या सुमारास एक बाई आल्या. साठीच्या असतील. सासर पुणतांब्याचे, माहेर आमच्या तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावचे. गुडघ्यावर हात टेकून बाकावर बसल्या, पिशवीतून मोबाईल काढला आणि गावच्या चावडीवर लागलेल्या नोटिशीचा फोटो मला दाखवला. त्यांचे वडील वारले होते. मागे एक मुलगा आणि एक मुलगी, म्हणजे या बाई. जमीन वडिलांच्या नावची, आणि वारस नोंदीची ती नोटीस होती. हरकतीची मुदत त्याच दिवशी संपत होती. एवढे मी ऐकले. त्यापुढे त्या बोलत होत्या आणि मी लिहीत होतो.

आमच्या भागात बापाच्या मागे बहीण कचेरीत येते ती बहुधा एकाच कामासाठी येते. भाऊ तिला गाडीवर घेऊन येतो, साडी घेतलेली असते, आणि ती लिहून देते की जमीन भावाच्या एकट्याच्या नावे लागावी. असे कागद मी इतके लिहिले आहेत की त्यांचा मजकूर मला आठवावा लागत नाही, तो बोटांत आहे. बोटांनी तो लिहिला. अक्षर सुरेख आले होते. एकही खाडाखोड नव्हती.

मग मी रीतीप्रमाणे वाचून दाखवले. 'माझे मयत वडिलांचे नावे असलेली शेतजमीन माझे बंधू यांचे एकट्याचे नावे लागण्यास माझी कोणतीही हरकत नाही. मला माझे हिश्श्याचा कोणताही मोबदला नको. हा मजकूर मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.' माझे वाचणे चांगले आहे. शेडमधले लोक ऐकू लागतात. त्या बाईही मान थोडी वाकडी करून शेवटपर्यंत ऐकत होत्या.

वाचणे संपल्यावर त्यांनी विचारले, "भाऊसाहेब, हे कुनाचं वाचलं तुमी?"

मी म्हणालो, तुमचेच.

"माजं न्हाई. मी एकटीच आलेय बगा. भाऊ आनून सोडतो त्या बायांचं आसंल. माजं तुमी आजून ऐकलंच न्हाई."

शेजारचे यंत्र बंद होते. मुद्रांक विक्रेता कागदांची चळत सरळ करू लागला. तो हसला असता तर बरे झाले असते.

मी कागद उलटा ठेवला आणि त्यांना पुन्हा सांगायला लावले. पेनाला टोपण लावले. परंतु गोळीचा जोर ऐन भरात होता. त्या 'आमचे वडील' म्हणाल्या की मला पुढचे वाक्य आधीच दिसे, आणि ते मला दिसत असताना त्यांचे खरे वाक्य बाजूने निघून जाई. मी मान डोलावत होतो आणि माझ्या डोक्यात माझाच अर्ज चालला होता. हे मला त्या क्षणी स्पष्ट दिसत होते आणि थांबवता येत नव्हते. दारात गाडी उभी आहे आणि तिचे इंजिन बंद होत नाही, असे ते होते.

मी त्यांना म्हणालो, "आक्का, तुम्ही भाकरी खाऊन घ्या. दोनच्या पुढे या. आज काम होईल."

त्यांना दुसरीकडे जाता आले असते. पलीकडच्या टेबलावर संगणक होता, कोपऱ्यावर सेतू केंद्र होते. पण त्या आवारातल्या हौदापाशी गेल्या, सावलीत बसल्या आणि पिशवी उघडली.

दोन वाजले. सकाळची गोळी उतरत होती. ती उतरते तेव्हा आधी आवाज लांब जातात. दुपारची अर्धी गोळी खिशात कागदाच्या पुडीत होती. ती घेतली तर मी लिहू शकणार होतो आणि ऐकू शकणार नव्हतो. न घेतली तर ऐकू शकणार होतो, आणि लिहू शकेन की नाही हे सांगता येत नव्हते. कचेरीचा आवक विभाग सायंकाळी बंद होतो. मी पुडी ड्रॉवरमध्ये ठेवली.

बाई आल्या, बसल्या. सांगू लागल्या. मी पेन आडवे ठेवले होते आणि माझे डोके पुन्हा त्या जुन्या, जड पाण्यात होते. त्यांचे एक वाक्य पोहोचायला वेळ लागत होता, आणि ते पोहोचेपर्यंत माझ्याकडे दुसरे काहीच नव्हते. म्हणून ते जसेच्या तसे पोहोचत होते. त्यांनी सांगितले की भावाशी त्यांचे भांडण नाही. दिवाळीला तो येतो, भाऊबीज होते. जमीन त्यानेच कसायची आहे, कसू दे. परंतु नोंदीच्या अर्जात त्याने लिहिले होते की वडिलांना एकच अपत्य.

"हिस्सा नको म्हनून माज्याकडून लिवून घेतलं आसतं तर मी दिलं आसतं," त्या म्हणाल्या. "पर त्यानं मला इचारलंच न्हाई. मी हायच न्हाई आसं लिवलं. भाऊसाहेब, मी हाय. येवढंच लिवा."

मी लिहायला घेतले. मोठी वाक्ये येईनात. 'सदर' आणि 'उपरोक्त' यांच्यासाठी जी ताकद लागते ती नव्हती. म्हणून लहान वाक्ये लिहिली. मयतास दोन अपत्ये आहेत. मी त्यांची मुलगी आहे. माझे नाव नोंदीत नाही. माझी हरकत आहे. माझे नाव लावावे. प्रत्येक वाक्यानंतर पेन थांबत होते आणि त्या थांबत होत्या. मध्ये मी वडिलांच्या नावाच्या जागी त्यांच्या भावाचे नाव लिहिले. खोडले. माझ्या कागदावर खोडलेली ओळ, तिच्याशेजारी त्यांची बारीक सही. मुद्रांक विक्रेत्याने खालच्या आवाजात विचारले की टाईप करून देऊ का, पाच मिनिटांचं काम आहे. मी नको म्हणालो. त्याने आग्रह केला नाही, उलट आवक विभागात जाऊन कारकुनाला जरा थांबायला सांगून आला. हे त्याने का केले, मी विचारले नाही.

वाचून दाखवायला मला लिहिण्याइतकाच वेळ लागला. मी एकेक शब्द उच्चारत होतो, आणि त्या एकेका शब्दाला मान हलवीत होत्या. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला, मी थांबलो, गट नंबरातला एक आकडा चुकला होता. दुरुस्त केला. कचेरीचा शिपाई दार ओढत असताना कागदावर आवकचा शिक्का बसला.

माझ्या मते तो अर्ज वाईट होता. ज्यांच्याकडे बघून मी अर्ज लिहायला शिकलो त्या माझ्या गुरूंनी तो फाडून टाकला असता. परंतु त्यातला मजकूर त्या बाईंचा होता. शिक्क्याची प्रत पिशवीत ठेवून त्या एसटीच्या रस्त्याला लागल्या. जाताना म्हणाल्या, "वाचलं चांगलं तुमी." सकाळच्या वाचण्याविषयी त्या काही म्हणाल्या नाहीत.

घरी हे सांगितले. सांगताना मी काही ठिकाणी थांबलो, आणि पत्नीने वाक्य पुरे केले नाही. ती भाकरी थापत ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मंग डाक्टरनीला आसंच सांगा. आक्षी आसंच. तुमचा अर्ज आता तुमीच लिवायचा."

पुढच्या भेटीत मी डॉक्टर बाईंना सांगितले. रक्तदाब वाढलेला होता, वजन उतरले होते, झोपेची कथा पत्नीने सांगितली. बाई म्हणाल्या की मात्रा कमी करावीच लागेल, आणि मला वाटत असेल तर बंदही करू. मला काय हवे, असे त्यांनी विचारले.

हा प्रश्न मी लोकांना आयुष्यभर विचारत आलो आहे. 'तुमची विनंती काय?' याच्यावर लोक गोंधळतात. मला त्यांचा राग येत असे. मी त्या खुर्चीवर बसलो आणि मला उत्तर द्यायला बराच वेळ लागला. बाईंनी या वेळी घड्याळ लावले नव्हते. मी म्हणालो, सकाळची पुन्हा अर्धी करा. दुपारची काढून टाका. सकाळी मी लिहीन. दुपारी ऐकेन आणि वाचेन.

त्यांनी तसे लिहून दिले, आणि रक्तदाब पुन्हा वाढला तर तीही बंद, असे तोंडी बजावले.

तेव्हापासून माझ्या टेबलाचा नियम बदलला आहे. पाटी लावलेली नाही, तोंडी सांगतो. पहिल्या दिवशी दुपारी या आणि सांगा. मी दुसऱ्या दिवशी सकाळी लिहीन. दुपारी वाचून दाखवीन, मग सही. एका अर्जाला दोन दिवस. घाई असलेला माणूस पलीकडच्या टेबलावर जातो, आणि घाई बहुतेकांना असते. कचेरीतले कारकून माझे अक्षर अजून ओळखतात, पण आता ते त्यांच्या टेबलावर आधीइतके येत नाही. निम्मी प्रकरणे माझ्या हस्ताक्षरात सुरू होतात, असे मी हल्ली म्हणत नाही. मुद्रांक विक्रेता दुपारी कधीकधी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला माझ्याकडे पाठवतो आणि त्याला सांगतो, "त्यांच्याकडं जा, त्ये ऐकून घेत्यात. येळ लागंल." तो चेष्टा करतो की शिफारस, हे मला समजत नाही, आणि समजून घ्यावे असे वाटतही नाही.

नातू आता रांगतो. मुलगी त्याला घेऊन येते तेव्हा पत्नी त्याला माझ्या मांडीवर ठेवते आणि माझ्या तोंडाकडे पाहते. मी घड्याळाकडे पाहत नाही, एवढी काळजी घेतो. आत काही हलते का, हे पाहतो. हलत नाही, किंवा फार उशिरा हलते आणि तोवर तो मांडीवरून उतरून गेलेला असतो.

दुपारी शेडचा पत्रा तापतो. माझ्यासमोर कोणीतरी बसलेले असते, सकाळी लिहिलेला कागद माझ्या हातात असतो. मी वाचतो. हल्ली कोणी मान वळवून ऐकत नाही, कारण त्यात ऐकण्यासारखे काही नसते, शब्दामागून शब्द एवढेच असते. मधेच समोरचा माणूस हात वर करतो आणि म्हणतो, भाऊसाहेब, थांबा, हे असं नव्हतं. पूर्वी कोणी असे म्हटले असते तर मला अपमान वाटला असता. आता वाटत नाही. मी थांबतो, पेनाला टोपण लावतो, आणि ते कसे होते हे त्याने सांगेपर्यंत वाट पाहतो.